ऐकायला सारखे, लिहायला वेगळे: इंग्रजीतल्या जुळ्या शब्दांचा गुंता कसा सोडवायचा

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या शिकवणीत एका संध्याकाळी 'माझे वडील' या विषयावर इंग्रजीत पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. नववीतल्या एका मुलाने लिहिलं, 'माय फादर सेल्स ऑरेंजेस इन कळमना मार्केट'. वाक्य खरं होतं आणि व्याकरणालाही धरून होतं. चूक एकच. 'सेल्स' त्याने सी-ई-एल-एल-एस असं लिहिलं होतं, म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातल्या पेशी. मी खाली रेघ मारली तेव्हा तो कळकळीने म्हणाला, "पण मॅडम, ऐकाले त सारखंच येते नं!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या आठवड्यात शाळेत पेशींचा धडा चालू होता. ते स्पेलिंग त्याच्या डोळ्यांसमोरून रोज जात होतं, म्हणून हात तिकडेच वळला. मराठी माध्यमातल्या मुलांना लहानपणापासून 'ऐकाल तसं लिहा' हीच सवय असते आणि देवनागरीत ती बहुतेक वेळा चालूनही जाते. इंग्रजीत ती दगा देते. दहावीची मुलं, बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देणारी मुलं, नोकरीचा अर्ज लिहिणारी तरुण मंडळी, सगळ्यांच्या वह्यांत मला हाच गुंता दिसतो.

गाईडमध्ये यावर एक ठरलेला उपाय असतो, दोनशे जोड्यांची यादी. मीही कितीतरी वर्षं ती यादी पाठ करून घेतली. मग लक्षात आलं की जोडी एकत्र पाठ केली की डोक्यात ती एकत्रच बसते. एरवी 'हिअर' बरोबर लिहिणारी मुलगी जोडी पाठ केल्यानंतर दर वेळी थबकायला लागते, 'दोनांतलं कोणतं?' म्हणून यादी सोडून द्या. खाली दिलेली रीत थोडी सावकाशीची आहे, पण एकदा बसलेला शब्द तिच्यात सहसा पुन्हा हलत नाही.

पहिली पायरी: स्वतःच्या चुका गोळा करा

एक शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस फक्त गोळा करण्याचं काम करा. चाचणीच्या पेपरात, ऑफिसच्या ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपवर जिथे कुठे असा शब्द चुकला, तिथलं अख्खं वाक्य उतरवा. खाली मराठीत लिहा की मला नेमकं काय म्हणायचं होतं. नुसता शब्द उतरवून उपयोग नाही. चूक शब्दात दिसत असली तरी तिचं मूळ अर्थात असतं, आणि अर्थ वाक्यातच सापडतो.

घराबाहेरच्या चुकाही टिपा. सीताबर्डीवरून व्हरायटी चौकाकडे चालत जा किंवा इतवारीत एक चक्कर मारा. चहाच्या टपरीवर 'स्नॅक्स'च्या जागी साप लिहिलेले दिसतात, ठोक विक्रीच्या पाटीवर 'होल'मधला डब्ल्यू गायब असतो, 'फिक्स्ड प्राइस'ऐवजी बक्षीस लिहिलेलं असतं. हे हसण्यासाठी करू नका. त्या दुकानदाराची आणि आपली जीभ एकच आहे, त्यामुळे त्याची चूक आपल्याला आपल्याच जिभेविषयी सांगते.

पंधरा दिवसांनी मोजाल तर शब्द वीस-पंचवीसच भरतील. तुमचं काम तेवढंच आहे. दोनशे जोड्यांपैकी बाकीच्या तुम्हाला कधी त्रास देणारच नाहीत.

दुसरी पायरी: तीन ढीग करा

मोबाइलवर एखादा चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा आणि स्पीकरची खूण दाबून दोन्ही शब्द ऐका. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, म्हणून उच्चारही ब्रिटिशच निवडा.

दोन्ही शब्द खरोखर एकसारखे ऐकू आले, तर तो पहिला ढीग. इथे कान काही मदत करू शकत नाही. ते वेगळे ऐकू आले, पण तुमच्या तोंडून सारखे निघतात, तर दुसरा ढीग. इथे दुरुस्ती जिभेची आहे. आणि स्पेलिंग एकच, उच्चार दोन असं असेल, तर तिसरा. तिथे वाक्यातलं शब्दाचं काम पाहून निवाडा करायचा. तिन्ही रोगांना एकच औषध दिलं जातं, म्हणून गुण येत नाही.

एक गोष्ट सांगून ठेवते. ब्रिटिश उच्चारात 'कॉट', म्हणजे पकडलं, आणि 'कोर्ट' हे दोन शब्द एकसारखेच ऐकू येतात, कारण तिकडे मधला 'र' गिळतात. आपण तो स्वच्छ म्हणतो. म्हणू द्या. त्या 'र'मुळे आपला एक गोंधळ आपोआप वाचतो.

तिसरी पायरी: पहिला ढीग, म्हणजे खरे जुळे

नियम एकच. जोडीतला एक शब्द आधी पक्का करा आणि दुसऱ्याकडे आठवडाभर पाहूच नका. पक्का करायचा म्हणजे त्याचं गणगोत शोधायचं. शब्दाचे नातेवाईक सापडले की स्पेलिंग घोकावं लागत नाही.

'स्टेशनरी' घ्या. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय अशी संपते, आणि जागचं न हलणारं 'स्टेशनरी' ए-आर-वाय असं. मुलांना मी आधी 'स्टेशनर' शिकवते, म्हणजे कागदपेनं विकणारा. बेकर, टीचर यांच्यासारखा तोही ई-आरवाला. त्याच्या दुकानात मिळते ती ई-आर-वायवाली स्टेशनरी. आता गंमत पाहा. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस' म्हणजे एका जागी दुकान मांडून बसलेला विक्रेता. बाकीचे फेरीवाले, हा ठिय्या मांडलेला. पुस्तकं-कागद विकणारे असे बसून विकत, म्हणून ते नाव त्यांना चिकटलं. म्हणजे हे दोन शब्द मुळात एकाच घरातले. सीताबर्डीवर रस्त्याने कंगवे विकत फिरणारा आणि त्याच रस्त्यावर पक्क्या दुकानात वह्या विकणारा, यांच्यातला फरक ज्याने पाहिलाय, त्याला हे दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

'प्रिन्सिपल'चंही तसंच. ए-एलने संपणाऱ्या शब्दाचा मूळ अर्थ 'मुख्य'. शाळेतले मुख्य शिक्षक ते प्रिन्सिपल, आणि कर्जातली मुख्य रक्कम, म्हणजे मुद्दल, तीही प्रिन्सिपलच. एल-ईने संपणारा म्हणजे तत्त्व. 'रूल'च्या शेवटीही एल-ई आहे, आणि तत्त्व हा एक प्रकारचा नियमच. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना 'तत्त्व महोदय' लिहिणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यांना मुद्दल आणि मुख्याध्यापक एकाच शब्दात दिसले की ती चूक थांबते.

'होल', म्हणजे संपूर्ण. यातला डब्ल्यू मूळचा नाही, तो नंतर लिहिणाऱ्यांनी चिकटवला. पण शब्द 'हील' आणि 'हेल्थ' यांचा सख्खा भाऊ आहे. धडधाकट, न तुटलेलं, अखंड असा त्याचा अर्थ. 'होलसेल' म्हणजे फोडून न विकता अख्खा माल विकणं. इतवारीतल्या पाटीवरचा डब्ल्यू गेला की उरतं ते भोक.

'ब्रेक'मध्ये मोडणं म्हणजे बी-आर-ई-ए-के. याचा नातेवाईक रोज सकाळी भेटतो, ब्रेकफास्ट. फास्ट म्हणजे उपास, तो मोडणारं खाणं. उच्चार बदलला, पण ई-ए तसंच राहिलं. हा एवढा पक्का झाला की गाडीचा ब्रेक उरतो. त्याच्या स्पेलिंगमध्ये आर आणि ए यांच्यामध्ये काही येत नाही, शेवटी ई. 'लेक', 'केक', 'मेक' याच चालीचे.

आता सगळ्यांत जास्त मार्क खाणारं त्रिकूट. हे वाक्य मोठ्याने म्हणा: 'देअर वेटिंग फॉर देअर बस ओव्हर देअर'. ते लोक, त्यांच्या बसची, तिकडे वाट पाहतायत. तीन 'देअर', तीन स्पेलिंगं. तिकडे या अर्थाचा शब्द जागा दाखवणाऱ्या कुटुंबातला, 'हिअर', 'व्हेअर', 'देअर', आणि तिघांच्याही पोटात एच-ई-आर-ई आहे. त्यांचा या अर्थाचा शब्द लिहून त्यातला पहिला टी झाका. उरतं एच-ई-आय-आर, म्हणजे वारस. वारस आला की मालकी आली, आणि हा शब्द मालकीचाच. तिसऱ्यात दोन शब्द जोडलेत, 'दे' आणि 'आर', आणि मधलं अक्षर गळाल्याची खूण म्हणून वर स्वल्पविराम टांगलाय.

ही वरची खूण मुलांना फार छळते. मी फळ्यावर 'सोऽहम्' लिहिते. सः आणि अहम् जोडताना 'अ' गेला, तो गेल्याची खूण म्हणजे अवग्रह. इंग्रजीतली ही खूण अशा ठिकाणी अवग्रहाचंच काम करते. 'इट्स'वर ती असेल तर तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतं आणि त्यातलं काहीतरी गळालंय. सुटं करून वाचा. वाक्य जुळलं तर खूण हवी, नाही जुळलं तर नको. 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'ला खूण लागत नाही, जशी 'हिज', 'अवर्स', 'देअर्स' यांनाही लागत नाही.

'साइट'ची तीन रूपं नागपुरात रोज कामाला येतात. प्लॉटची साइट एस-आय-टी-ई, आणि 'सिच्युएशन'ची सुरुवातही एस-आय-टीनेच, दोन्ही जागेशी बांधलेले. दृष्टीची साइट 'लाइट' आणि 'नाइट' यांच्या चालीची, मध्ये जी-एच. उजेड, रात्र आणि दिसणं तिघं सोबत ठेवा. तिसरं 'साइट' सीने सुरू होतं, संदर्भ देणं, 'सायटेशन'. प्रबंध लिहिणाऱ्यांनी तेवढं एकच आधी पक्कं करावं.

'प्रॅक्टिस'ला तर कानाची मदत आडवाटेने मिळते. ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस, आणि ऐकायला दोन्ही एकच. अशा वेळी 'ॲडव्हाइस' आठवा. तिथे नाम 'स' म्हणतं आणि सीने लिहितात, क्रियापद 'ॲडव्हाइझ' म्हणतं आणि एसने लिहितात. तोच नियम 'प्रॅक्टिस'ला आणि 'लायसन्स'ला लावा. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे सीने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे एसने लिहितात. अर्ज तिकडच्या कंपनीला जाणार असेल तर तसं लिहा, पण एका कागदावर दोन पद्धती मिसळू नका.

असं का झालं, हे एकदा समजून घ्या

मुलं चिडून विचारतात, बोलायचंच नव्हतं तर 'नाइट'च्या आधी के कशाला लिहिला? सरदार या अर्थाचा तो शब्द. उत्तर असं की एके काळी तो के बोलत असत, मधल्या जी-एचचाही घशातून खरखरता उच्चार होता. जर्मन भाषेतल्या त्याच्या भावंडात, 'क्नेष्ट' या शब्दात, तो के आजही ऐकू येतो. १४७६ साली विल्यम कॅक्सटनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला आणि पुढे छापण्यामुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. नेमकं त्याच सुमारास इंग्रजांचं बोलणं मात्र वेगाने बदलत होतं. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात त्यांचे सगळे दीर्घ स्वर जागा सोडून सरकले. भेटणं या अर्थाचं 'मीट' आणि मांस या अर्थाचं 'मीट' पूर्वी कानाला वेगळे होते, म्हणून एकाला दोन ई आणि दुसऱ्याला ई-ए. पुढे आवाज एक झाले, अक्षरं मागे राहिली. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश आला तोवर बहुतेक स्पेलिंगं ठरून गेली होती.

आपल्याकडेही हे घडलंय. 'ऋण' लिहितो आणि 'रुण' म्हणतो. 'षटकोन'मधला ष आणि 'शहर'मधला श बोलताना कितीजण वेगळा करतात? 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, कानाला दोन्ही एकच. तरीही शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ जपतो, कारण त्यातून शब्दाचं कूळ कळतं. सरदाराच्या आधीचा के हा त्यांचा ष आहे. हे पटलं की इंग्रजीवरचा राग जरा निवळतो, आणि माझा अनुभव असा की राग निवळल्यावरच स्पेलिंग लक्षात राहायला लागतं.

चौथी पायरी: दुसरा ढीग, आपल्या जिभेने केलेले जुळे

हे शब्द इंग्रजीत जुळे नाहीतच. आपण त्यांना जुळं करतो, आणि त्यामागे मराठीचाच एक नियम आहे. फूल, मूल, तूप, वीज, शीर. शब्द अकारान्त असला की शेवटून दुसरा इकार-उकार आपण लांबवतो. 'विष' लिहितो ऱ्हस्व, म्हणतो 'वीष'. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो, मग 'फुल'चं 'फूल' होतं आणि भरलेला माणूस मूर्ख होतो. 'शिप'चं 'शीप', 'पुल'चं 'पूल', 'फिल'चं 'फील', 'लिव्ह'चं 'लीव्ह'. शेवटचं सगळ्यांत घातक. मुलाखतीत 'आय लिव्ह इन नागपूर' म्हणायचं असतं आणि समोरच्याला ऐकू येतं ते सोडून जाण्याचं.

सराव असा. मराठी 'किती' म्हणा. त्यातला पहिला 'कि' तोडून तिथेच थांबा, लगेच पुढे 'ल' लावा, 'किल'. हनुवटीखाली बोट ठेवून पाहा. ऱ्हस्वात स्नायू सैल राहतो, दीर्घात ताणला जातो. रोज पाच मिनिटं, आठ-दहा दिवस.

व्ही आणि डब्ल्यूच्या बाबतीत आपल्या लिपीने अर्धं काम करून ठेवलंय. आपण 'व्हॅन', 'व्हिडिओ', 'व्होट' लिहितो आणि 'वॉर्ड', 'वेटर', 'वॉच' लिहितो. म्हणजे लिहिताना हाताला फरक कळतो, तोंडच विसरतं. आरशासमोर उभे राहा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. डब्ल्यूला दात कुठेच लागत नाहीत, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात. 'व्ह' लिहितो म्हणून त्यात 'ह'ची फुंकर मात्र घालू नका. सरावाला नागपूरकरांसाठी चालता-बोलता शब्द आहे, वेस्ट हायकोर्ट रोड. यातलं 'वेस्ट' गोल ओठांनी म्हणा. दात टेकवले तर बनियन होतं. 'वे' लांबवला तर कचरा. पत्ता फोनवर सांगताना दोन्ही चुका मी ऐकल्या आहेत.

'स्नॅक्स'ला तर काही करायचंच नाही. चंद्राची खूण आपल्याकडे आहे, ती बोलताना वापरा. 'प्राइस' आणि 'प्राइझ', 'लूस' आणि 'लूझ' यांत शेवटच्या आवाजासाठी गळ्यावर हात ठेवा. 'झ'ला कंप जाणवतो, 'स'ला नाही.

पाचवी पायरी: तिसरा ढीग, एक स्पेलिंग दोन आवाज

याची ओळख आपल्याला घरातच आहे. 'जरा' लिहिलंय. त्याचा अर्थ म्हातारपण की थोडंसं? 'जग' म्हणजे दुनिया की पाण्याचं भांडं? ज एकच, उच्चार दोन, आणि वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. इंग्रजीत 'रीड'चा भूतकाळ त्याच स्पेलिंगमध्ये 'रेड' होतो, 'लीड' म्हणजे नेणं आणि तीच अक्षरं 'लेड' वाचली की शिसं. नेण्याचा भूतकाळही 'लेड'च, पण एल-ई-डी. अर्ज लिहिणारे इथे हमखास पडतात.

मोठा गट मात्र आघाताचा आहे. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट, परमिट, काँट्रास्ट. नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत अशा जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. टेबलावर बोटाने थाप द्या. नामाला धा-ति, क्रियापदाला ति-धा. शिकवणीतला एक मुलगा तबला शिकतो, त्याला हे एका मिनिटात समजलं, आणि मग त्यानेच बाकीच्यांना शिकवलं. सगळे शब्द असे वागत नाहीत. 'रिपोर्ट' दोन्हीकडे तसाच राहतो. शंका आली की शब्दकोशात आघाताची छोटी उभी रेघ असते, तिच्या लगेच पुढचा तुकडा जोराचा.

सहावी पायरी: श्रुतलेखन आणि शेवटची नजर

आठवड्यातून दोनदा, दहा वाक्यं. घरातल्या कुणालाही वाचायला सांगा, आईला, ताईला, रूममेटला. अट एवढीच की शब्द सुटा वाचायचा नाही, वाक्य पूर्ण वाचायचं. पहिल्या आठवड्यात जोडीतला एकच शब्द, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात दोघं मिसळून. तिसऱ्या आठवड्यात चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. तो शब्द पुन्हा एकटा करा आणि त्याच्यासाठी नवा नातेवाईक शोधा.

मोबाइल आणि कॉम्प्युटरवर लिहिताना एक लक्षात ठेवा, स्पेलिंग तपासणारी सोय या चुका नेहमी पकडतेच असं नाही. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे अनेकदा खाली लाल रेघ येत नाही. बोलून टाइप करताना तर यंत्रही तुमच्यासारखं आधी ऐकतं आणि अंदाजाने एक शब्द टाकतं. म्हणून वहीतले तुमचे नेहमीचे पाच शब्द एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. अर्ज पाठवण्याआधी शोधण्याच्या खिडकीत एकेक शब्द, त्याच्या दोन्ही स्पेलिंगांनी, टाका आणि जिथे जिथे सापडेल तिथे वाक्याचा मराठी अर्थ मनात म्हणा. दहा मिनिटंही लागत नाहीत. कागदावरच्या परीक्षेत संगणक नसतो, तिथे शेवटची पाच मिनिटं याच पाच शब्दांसाठी राखून ठेवा, बाकी उत्तर पुन्हा वाचू नका.

महिन्याने वही उघडा. जो शब्द महिनाभर चुकला नाही, त्यावर काट मारा आणि चिठ्ठीवर त्याच्या जागी पुढचा घ्या. संत्र्यांच्या वाक्यावाल्या त्या मुलाच्या चिठ्ठीवर सध्या 'वेदर'ची जोडी आणि 'क्वाइट' आहे. 'सेल'वर त्याने उन्हाळ्यातच काट मारली.